माताभगिनींसाठी खास खेळ

गेल्या महिन्यात अण्णांच्या नावानं सोलापुरात लावणीचा एक कार्यक्रम झाला, फक्त बायकांसाठी. तो केला निखिल नावाच्या एका मुलानं. मुलगा म्हणते खरी, पण त्याची स्वतःची पोरगी शाळेत जाते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला सगळेच मुलगे वाटतात. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी तो माझ्याकडे आला, बूट दाराबाहेर काढले, अंग चोरून खुर्चीवर बसला आणि मोबाइलवर पत्रिकेचा मजकूर दाखवू लागला. त्यात अण्णांचं कौतुक होतं. आपल्या भागात बायकांसाठी वेगळा खेळ लावणारा पहिला माणूस, लोककलेला इभ्रत मिळवून देणारा माणूस, असं बरंच. आणि शेवटी एक वाक्य: 'त्या काळी समाज तयार नव्हता, त्या खेळाला एकही स्त्री आली नाही.' 'मॅडम, बरोबर आहे ना सगळं?' त्यानं विचारलं. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि हो म्हणाले. हो म्हणायला मला जराही वेळ लागला नाही, इतक्या वर्षांची सवय आहे ती. निखिल गेल्यावर त्याचा अर्धा राहिलेला चहा मोरीत ओतला आणि मग उगाच बराच वेळ मोरीपाशीच उभी राहिले. ते वाक्य बरोबर नव्हतं. का बरोबर नव्हतं, हे माझ्याशिवाय सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते नाचत नव्हते, गात नव्हते, ढोलकीला तर हातही लावत नव्हते. ते खेळ लावायचे. पार्टी ठरवायची, थेटर घ्यायचं, जाहिरात करायची, माणसं जमवायची आणि मग स्वतः कडेला उभं राहून ती माणसं कशी ऐकतात ते बघायचं, हा त्यांचा धंदा. मूळचे मोहोळकडच्या मेंढपाळांच्या घरातले. गावातल्या गजीच्या मंडळींना, म्हणजे ढोलाच्या तालावर हातात रुमाल घेऊन फेर धरणाऱ्या आपल्याच भाऊबंदांना, त्यांनी एकदा शहरात आणून नाचवलं आणि त्या दिवसापासून मेंढरं सुटली ती सुटलीच. मिलजवळ एक पत्र्याचं थेटर होतं, ते त्यांनी भाड्यानं धरलं. तिथं लावणीच्या पार्ट्या यायच्या, दुधनीकडचे अर्धं कानडी अर्धं मराठी गाणारे यायचे. अण्णांचा एक नेम होता. खेळात कुणी शिट्टी मारली की ते ढोलकी थांबवायला लावायचे, स्वतः स्टेजवर चढायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "पावणं, शिट्टी मेंढरं वळवायला असती. हितं माणसं नाचत्यात." लोक हसायचे, आणि पुन्हा शिट्टी यायची नाही. कलावंतिणींना ते नेहमी अहो-जाहो करायचे. त्या काळात हे लोकांना नाचापेक्षा जास्त नवलाचं वाटायचं.

आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो, दोन खोल्या आणि मागं मोरी. सकाळी मिलचा भोंगा व्हायचा, त्याच्या मागोमाग शेजारच्या पद्मम्माच्या घरातला माग सुरू व्हायचा. तिच्या घरात तेलुगू बोलत, मागावर बसल्या बसल्या भांडत, आणि भांडण रंगलं की मागाची खटखट वाढायची. आमच्या घरात आवाज एकच, आईच्या भाकरी थापण्याचा. आई अण्णांच्या एकाही खेळाला कधी गेली नाही, पण पार्टी आली की दहाबारा माणसांचा स्वयंपाक तीच करायची. ज्वारीच्या भाकऱ्या, त्यातल्या अर्ध्या वाळवून कडक केलेल्या, म्हणजे पुढच्या गावाला न्यायला बऱ्या, शेंगांची चटणी, येसराची झणझणीत आमटी. पितळी डबे भरले जायचे आणि थेटरावर जायचे. कलावंतिणींनी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या हाताची चव त्यांना पाठ होती. रिकामा डबा परत यायचा तेव्हा त्यात कधी चार केळी असायची, कधी मोगऱ्याचा गजरा. केळी आई मला द्यायची आणि गजरा देवाला घालायची. स्वतः कधी माळला नाही.

अण्णा दुपारी जेवायला बसले की आदल्या दिवशीचा खेळ तिला सांगायचे. आई त्यांच्याकडे पाठ करून चुलीपुढं बसलेली. ते सांगायचे, पार्टीतल्या सगुणाबाईंनी काल अमुक लावणी म्हटली, तमुक ठिकाणी थांबल्या, डोळ्यानं एवढंच केलं, आणि ते स्वतः घास हातात धरून डोळ्यानं करून दाखवायचे. त्या पाठीला ते दिसायचं नाही. मग ते गुणगुणायचे. त्यांचा गळा बेसूर होता, पण ताल पक्का.  आईचा भाकरीवरचा हात हळूच त्या तालावर पडायला लागायचा. थाप, थाप, आणि मध्ये एक विसावा. अण्णा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. आमच्या घरातलं सगळं सुख म्हणजे तेवढं होतं, आणि ते सुख आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मला कळत होती ती दुसरीच गोष्ट. संक्रांतीला हळदीकुंकवाला निघालेल्या बायका अलीकडच्या घरात जायच्या, पलीकडच्या घरात जायच्या. आमच्या दारावरून जाताना त्यांना नेमकं एकमेकींशी काहीतरी महत्त्वाचं बोलायचं असायचं. एक पद्मम्मा तेवढी यायची. शाळेतल्या मुली माझ्याशी बोलायच्या, पण घरी कधी कुणी आली नाही आणि मीही कुणाला बोलावलं नाही. मी एकुलती एक, मला बोलायला घरात पाटीपेन्सिल. शाळेत नवीन आलेल्या बिराजदारबाईंनी वडील काय करतात असं विचारलं, तेव्हा मी व्यापार म्हणाले. कसला, असं त्यांनी विचारलं. सोलापुरात ज्याला खोटं बोलायचं आहे त्यानं चादरी म्हणावं, कुणी पुढं विचारत नाही. बाईंनी मात्र विचारलं. आपल्या आईसाठी एक चांगली चादर हवी आहे, वडिलांना सांगशील का, म्हणाल्या. दोन दिवस मी टाळलं. शेवटी अण्णांना म्हणाले, शाळेतल्या बाईंना एक चादर पाहिजे.  त्यांनी टोपी घातली, बाजारात गेले, निवडून एक निळी चादर आणली आणि माझ्या हातात दिली. "बाईस्नी सांग, घरचीच हाय." एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बायकांच्या खेळाची गोष्ट सुरू झाली ती आईच्या एका प्रश्नावरून. मी मॅट्रिकला होते. अण्णा जेवताना सगुणाबाईंच्या गिरकीचं वर्णन करत होते, आणि आई पाठ न वळवता म्हणाली, "गिरकी घेती म्हंजी नेमकं करती काय ती? लुगडं कसं आवरती?" अण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. इतक्या वर्षांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न. ते म्हणाले, "येऊन बघ की." ती म्हणाली, "बाप्यांच्यात?" आणि तवा उतरवला. विषय संपला असं मला वाटलं. अण्णांना तसं वाटलं नाही. त्या दुपारी ते पडवीत येरझाऱ्या घालत होते आणि चार दिवसांनी त्यांनी सांगून टाकलं की थेटरात बायकांसाठी खास खेळ होणार, दुपारी तीन वाजता. आत एक पुरुष नाही. ढोलकीवाला आणि तुणतुणेवालासुद्धा पडद्याआड बसणार, अण्णा स्वतः मागच्या दाराबाहेर. दारात जाड कनात लावणार, म्हणजे रस्त्यावरून आतलं कुणाला दिसायला नको. पिण्याच्या पाण्याला नवे माठ, तान्ह्या पोरांसाठी कोपऱ्यात दोन झोळ्या. त्यांनी टांग्यात बसून कर्ण्यावरून पेठापेठांतून पुकारा केला, माताभगिनींसाठी खास खेळ. लोकांनी तोंडावर हात ठेवून हसून घेतलं. अण्णांचं लक्ष नव्हतं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांनी स्वतः पुसली, तिच्यावर एक चादर घडी करून घातली. निळीच होती. ती खुर्ची कुणाची हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारायचं कारण नव्हतं.

येणार का, असं त्यांनी आईला सरळ विचारलं नाही. ती शेंगा फोडत होती. तिनंच म्हटलं, "मी काय यायची न्हाय. पर एक सांगू? आतलं समदं केलं तुमी, भायेरचं केलं न्हाय. समोर चहाचं हाटेल हाय. दुसऱ्या पाळीचे बापे घंटाभर आधीच तितं येऊन बसत्यात. त्यांच्या नजरंखालनं बायका दारापत्तुर येणार कशा? दारात बाईमाणूस उभं पायजे. हळदीकुंकू घेऊन. मग कशी, देवाच्या घरी आल्यावानी येतील."  सगळं सुचलेल्या अण्णांना रस्त्यावरची वीस पावलं सुचली नव्हती. ते म्हणाले, "शालनला उभी करतो." शालन म्हणजे मी, तिथंच गणितं सोडवत बसले होते.  मला नको म्हणायचं होतं, पण अण्णांचा चेहरा इतका उजळला होता की शब्द तोंडातून बाहेर आला नाही. त्या वेळी नाही म्हणाले असते तर त्यांनी पद्मम्माला विचारलं असतं, आणखी कुणाला विचारलं असतं. हा विचार मी आयुष्यभर करत आले आहे.

त्या दिवशी आईनं मला तिची अंजिरी साडी नेसवली, दोन वेण्या सोडून एक घातली, आणि हनुवटी धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. स्वयंपाक तिनं नेहमीपेक्षा लवकर उरकला होता. दोरीवर तिची इरकल साडी वाऱ्याला टाकलेली होती. ती लग्नकार्याशिवाय पेटीबाहेर निघत नसे, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी त्याचा विचार केला नाही. अडीच वाजता मी थेटराच्या दारात उभी होते. हातात तबक, त्यात हळद, कुंकू आणि ओल्या फडक्याखाली गजरे. पाठीशी कनात. समोर रस्ता, पलीकडे हॉटेल, आणि हॉटेलच्या बाकांवर बसलेले पंधरावीस पुरुष, बशीत चहा ओतून माझ्याकडे बघणारे. कुणी काही वावगं बोललं नाही, खरं सांगायचं तर. फक्त बघत होते. उजव्या हाताला सायकलच्या दुकानाचा कोपरा होता, बायका यायच्या तर तिथून येणार. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तबक जड व्हायला लागलं. आणि मग त्या कोपऱ्यावर पाचसहा बायका दिसल्या. डोक्यावरून पदर घेतलेल्या, एकमेकींना चिकटून थांबलेल्या. त्यांतल्या एकीच्या हातात काळी छत्री होती. ती छत्री मी ओळखली. बिराजदारबाईंची.

त्या क्षणी माझ्या मनात खेळ नव्हता, अण्णा नव्हते, ती खुर्ची नव्हती. फक्त एवढंच होतं की बाई आता मला इथं, या दारात बघणार, आणि चादरीचं खोटं उघडं पडणार, उद्या वर्गात सगळ्यांना कळणार. बाई त्या खेळाला आल्या असतील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या कुठंतरी निघाल्या असतील, पुढं जातील, असं मी धरून चालले. मी कनात उचलली आणि आत गेले. जराच वेळ. अंधारात उभं राहून मी मनात एकोणिसाचा पाढा म्हटला, दहापर्यंत, मग भीतीनं पुन्हा पहिल्यापासून. मग कनात बोटभर सारून बघितलं. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. सायकलवाला एका चाकात हवा भरत होता. मी पुन्हा दारात येऊन उभी राहिले. नंतर एकही बाई त्या कोपऱ्यावर दिसली नाही.

तीनचा सुमार झाल्यावर अण्णा बाजूच्या बोळातून डोकावले. स्वच्छ धुतलेली टोपी, गळ्याशी बंद केलेला कोट. त्यांनी विचारलं, "आलं का कुणी?" मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, "कोपऱ्यापत्तुर तरी?" आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही अण्णा. कुणीच नाही." ते हळूहळू मान हलवत राहिले, आपल्याला माहीत असलेलीच गोष्ट दुसऱ्यानं सांगितल्यासारखी. मग ते मागं जाऊन सगुणाबाईंना म्हणाले की राहू द्या बाई, आज राहू द्या. मला आतून ते ऐकू आलं, आणि सगुणाबाईंचा आवाजही ऐकू आला, जरासा घोगरा, अगदी घरगुती. "चाळ बांधल्यात अण्णा." त्या लोकांत ही रीत होती. चाळ, म्हणजे पायातल्या घुंगरांच्या माळा, उदबत्ती दाखवून एकदा पायात बांधल्या की खेळ मोडायचा नाही, समोर हजार माणसं असोत की कुणी नसो. न नाचता चाळ सोडणं म्हणजे चाळांचा अपमान. आणि त्या पुढं म्हणाल्या, "आन् एक बाई आलीय की. ती काय तितं दारात उभी."

म्हणून तो खेळ झाला, आणि तो मी एकटीनं बघितला. त्या पत्र्याच्या थेटरात शेकड्यांनी खुर्च्या होत्या, उन्हानं पत्रा कडकड वाजत होता, दोन झोळ्या रिकाम्या लोंबत होत्या. मी पहिल्या रांगेत बसले, चादर घातलेल्या खुर्चीच्या शेजारी, तबक मांडीवर दोन्ही हातांनी धरून. पडद्याआडून ढोलकी सुरू झाली. आधी गण झाला, मग लावण्या. सगुणाबाई त्या वेळी चाळिशीच्या असतील, अंगानं भरलेल्या, तोंडावर देवीचे बारीक वण. त्यांनी एकही कडवं गाळलं नाही. रिकाम्या रांगांकडे बघून हसल्या, मागच्या बाकांना डोळा घातला, कडेला बसलेल्या, पण नसलेल्या कुणाला तरी लटक्या रागानं हात केला. गिरकी घेताना डाव्या हाताच्या दोन बोटांत निऱ्या धरून त्या कशा आवरतात ते मी नीट बघितलं. आईनं विचारलं होतं ना. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचा मुजरा करून झाल्यावर त्या स्टेजवरून खाली उतरल्या. त्यांना धाप लागली होती. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी तबकाकडे बघितलं. हळद तशीच, कुंकू तसंच, गजरे ओल्या फडक्याखाली. त्या म्हणाल्या, "बायकांसाठी हाय न्हवं हे? मग मला लाव की. मी बी बाईच हाय." मी उठले. लावताना कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही. गजरा स्वतःच उचलून माळला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी विंगंतनं बघत हुते बाळ. कनातीच्या आत गेलीस तवा." मी मान वर केली नाही. अण्णांना त्या हे कधी बोलल्या नाहीत. चाळ वाजवत आत निघून गेल्या.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढं होती. इरकल घडी करून पेटीवर ठेवलेली होती. मी साडी सोडली, काय झालं ते सांगितलं, म्हणजे जे अण्णांना सांगितलं तेच. तिनं फक्त हं केलं. अण्णा आले, पाय धुतले, पाटावर बसले. मला वाटत होतं की आता ते सांगतील, सगुणाबाई रिकाम्या थेटरात कशा नाचल्या ते. त्यांनी सांगितलं नाही. जेवले आणि उठले. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कधीच नाही. थेटर पुढं काही वर्षं चाललं, पार्ट्या आल्या, डबे गेले, पण जेवताना ते खेळाचं बोलेनासे झाले. आपल्या बायकोसाठी एक अख्खा खेळ लावला आणि तिला घरापासून दारापर्यंत यावंसं वाटलं नाही, हे त्यांच्या मनात बसलं. ते कधी बोलून दाखवलं नाही, आवाज चढवला नाही. भाकरी थापल्याचा आवाज यायचा, पण त्यात ताल नव्हता. दोघं एकमेकांना हवं-नको विचारायचे, आजारपणात उशाशी बसायचे, आणि तरी त्या दोन खोल्यांत मला गुदमरायला व्हायचं. पुढं ऑर्केस्ट्रा आले, मग व्हिडिओ आले, पत्र्याचं थेटर पाडलं गेलं. अण्णा गेले तेव्हा दुधनीहून एक म्हातारा गायक आला होता, बाकी आम्हीच. मी शिक्षिका झाले. लग्नाचं जमलं नाही, ते एका वाक्यात सांगून टाकते. आमच्या शाळेत शिक्षकांना पाळीपाळीनं फाटकात उभं राहावं लागे. बाकीच्या ते टाळायच्या. मी माझी पाळी कधी चुकवली नाही, दुसऱ्यांच्याही घेतल्या. मला त्या कडक समजायच्या.

अण्णा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, आईनं अंथरूण धरलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. मी टीव्ही लावून तिच्या उशाशी शेंगा फोडत बसले होते. टीव्हीवर कुठलीतरी लावणी लागली. बघते तर आईची बोटं खाटेच्या कडेवर पडत होती. थाप, थाप, आणि मध्ये एक विसावा. मी हसले. ती डोळे मिटूनच म्हणाली, "त्या दिवशी मी आले हुते."

कुठल्या दिवशी, मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"सगुणाच्या खेळाला. इरकल नेसून. तुला धाडलं आन् पाठोपाठ निघाले. पद्मम्माला घेतलं, आनखी दोघीतिघी. तुझ्या त्या शाळंच्या बाई वाटंत भेटल्या. त्यास्नी बी यायचं हुतं, पर एकट्यानं जायाचा धीर हुईना. आमचं ठरलं हुतं, दारात तू दिसलीस की सरळ आत शिरायचं. कुणाकडं बघायचं न्हाय."

मी शेंगा खाली ठेवल्या. ती सावकाश बोलत होती, मधे मधे थांबून. म्हणाली की कोपऱ्यावर पोचलो आणि तू दिसलीस, मला बरं वाटलं, किती शोभत होतीस. मग तू आमच्याकडं बघितलंस आणि आत गेलीस. कनात पडली. हॉटेलातले बापे आमच्याकडं वळून बघायला लागले. आम्ही थोडं थांबलो. मग कुणीतरी म्हणालं की त्याच्या पोरीलाच लाज वाटते, तर आपण कशाला. कोण म्हणालं ते तिनं सांगितलं नाही. सगळ्या वळल्या, आणि एकटीनं पुढं जायला तिचे पाय उचलेनात. वाटेत बिराजदारबाईंनी एवढंच विचारलं म्हणे, की शालनच्या वडिलांचाच का हा खेळ. आई हो म्हणाली. बाईंनी मला वर्गात त्याबद्दल कधीही चकार शब्द विचारला नाही.

"अण्णांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "तू आली होतीस, एवढं तरी."

"काय सांगू? आले हुते म्हणलं असतं तर का फिरलीस म्हणून इचारलं असतं. मग तुझं नाव घ्यावं लागलं असतं." तिनं डोळे उघडले. "तुझ्यावर लई जीव हुता त्यांचा. माझ्यावरचा राग त्यास्नी झेपला. तुझ्यावरचा झेपला नसता."

मग तिनं विचारलं, सगुणा लुगडं कसं आवरायची गं? मी उठून तिच्यासमोर उभी राहिले, डाव्या हाताच्या दोन बोटांत साडीच्या निऱ्या धरल्या आणि जमेल तशी एक गिरकी घेतली. पन्नाशी उलटलेली मी, गुडघे बोलत होते. ती बघत राहिली. "असं हाय व्हय," म्हणाली, आणि कुशीवर वळली. त्या पावसाळ्यात ती गेली.

निखिल पत्रिका दाखवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला आणि ते वाक्य काढायला सांगितलं. बायका आल्या होत्या, कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या, असं लिही म्हणाले. तो अदबीनं म्हणाला, मॅडम, पत्रिका छापून झाल्या. कार्यक्रमाच्या दिवशी मी तबक घेऊन गेले. मोठा हॉल, थंडगार, बाहेर अण्णांचा फोटो लावलेला. निखिलनं पहिल्या रांगेत मधोमध माझी खुर्ची ठेवली होती. मी म्हणाले, मी दारात थांबते. त्याला वाटलं म्हातारीला स्वागताची हौस. बायका लोंढ्यानं येत होत्या, हसत, फोटो काढत, एकमेकींना हाका मारत. कुणाला धीर द्यायची काही गरज नव्हती. थोड्या थांबल्या, कुंकू लावून घेतलं, पुष्कळशा तशाच आत गेल्या. मला वाईट वाटलं नाही. मग दार मोकळं झालं, आणि पायरीच्या खाली गजरे विकणारी एक बाई दिसली, टोपली पुढ्यात, मान आत वळवलेली. मी तिला म्हणाले, आत जा की. ती संकोचली. "आमी न्हवं बाई. टोपली कोण बघंल?" मी खाली उतरले, तिला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाले, "मी बघते. मी दारातच हाय. पहिल्या रांगेत मधली खुर्ची मोकळी हाय, तितं बस." तिनं माझ्याकडे, टोपलीकडे, पुन्हा माझ्याकडे बघितलं, पदर झटकला आणि आत गेली.

आत गण सुरू झाला. मी पायरीवर तिच्या टोपलीशेजारी बसले. ढोलकी बंद दारातून दबकी ऐकू येत होती. अण्णांचा फोटो माझ्या डोक्यावर होता, टोपी घातलेला, कोट गळ्याशी बंद. मी वर बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, आई आली होती." मोठ्यानं म्हणाले. ऐकायला तिथं कुणी नव्हतं.